चालती गाडी कां अडली?

(मननासाठीं: गलतीकरांस पत्र 5:7, यहोशवा, अध्याय 7)



गलतीया प्रांतांतील मंडळ्यांस पौलानें जें पत्र लिहिलें, त्याच्या पांचव्या अध्यायांत तो त्यांस एक प्रश्न विचारतो. त्यांची वाटचाल नीट होत असतां मध्येंच ती कोणी रोखली, असा त्या प्रश्नाचा भावार्थ आहे. हें वचन आम्हीं पुष्कळदां वाचलें व त्यावर प्रवचनेंहि केलीं. परंतु पौल येथें आधीं प्रश्न विचारतो व न्यायाची गोष्ट मागून बोलतो, हें आमच्या ध्यानांत कधीं आलें नव्हतें. हें आम्हांस कोणा भाष्यकारानें शिकविलें नाहीं. एका जुन्या पिकअप गाडीनें शिकविलें, आणि त्या शिकवणीचें मोलहि तिनें भरपूर घेतलें.

ही गाडी आमच्या मंडळीची आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांत, ज्यास आपल्यापैकीं बहुतेक जण अजून नगरच म्हणतात, नेवासें तालुक्यांत आमचें गांव आहे. आम्हीं गाडी घेतली तेव्हांच ती दोन धन्यांच्या हाताखालून गेलेली होती. आठवड्याचे सहा दिवस ती सभासदांचा कांदा व भाजीपाला घोडेगांवच्या बाजारास नेते, व त्या भाड्यांतून तिचा खर्च निघतो. प्रभूच्या दिवशीं वस्त्यांवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांस ती उपासनेस आणते. रात्रीं-अपरात्रीं कोणी आजारी पडलें तर त्यास दवाखान्यांत पोंचविते. दोनदां तिनें शवपेटीहि वाहिली आहे. तिजवर आमच्या मंडळींतीलच एक तरुण भाऊ चालक आहे. त्याचें नांव येथें देत नाहीं. तशी त्याचीच इच्छा आहे.

आतां दोष कसा सुरू झाला तें सांगतों. पावसाळ्यांत टाकीच्या झाकणांतून पाणी आंत जाई, व डिझेलांत पाणी मिसळलें म्हणजे गाडी खोकूं लागे. पाणी डिझेलापेक्षां जड असल्यामुळें तळाशीं बसतें, आणि ओढून घेणाऱ्या नळीचें तोंड तळाजवळच असतें. त्या पाण्याचा बंदोबस्त आम्हीं स्वतः केला होता. त्याविषयीं पुढें बोलावेंच लागेल. नंतर दोन महिने गाडी उत्तम चालली. त्या दिवसांत हातीं पैसा थोडा, म्हणून एका वेळेस पांचशें-सातशें रुपयांचेंच डिझेल घालीत असूं, व टाकी अर्ध्याच्या वर कधीं जात नसे. पुढें कांद्याचा पैसा आला, आणि प्रथमच टाकी गळ्यापर्यंत भरली. दुसऱ्याच दिवशीं नगरास जातांना वीस-पंचवीस किलोमीटरांवर गाडीनें चार आचके दिले व ती उभी राहिली. अर्धा तास तशीच ठेवल्यावर ती मुकाट्यानें सुरू झाली. त्या दिवसापासून हा प्रकार वरचेवर होऊं लागला.

बंधूंनो, गाडी अडली म्हणजे गांवांत प्रत्येक मनुष्य वैद्य होतो. एक म्हणाला, पंपावरचें डिझेल भेसळीचें आहे. दुसरा म्हणाला, एंजिन तापतें. पाहा, थंड झाल्यावर चालतें. हें दुसऱ्याचें बोलणें आम्हांस फार पटलें, कारण खुणा तशाच होत्या. मग आम्हीं फिल्टर बदलला. गाडी दोन दिवस चालली, आम्हीं देवाचे आभार मानले, व तिसऱ्या दिवशीं ती बंद पडली. फीड पंप बदलला, रेडिएटर धुऊन घेतला. शेवटीं डिझेलाचा मोठा पंपच काढून कॅलिब्रेशनसाठीं शहरांत पाठविला, व त्यांत हंगामाच्या सणाचीं सर्व दानें खर्ची पडलीं. त्या दानांत एका विधवा बहिणीनें दिलेली कोंबडीहि होती, हें आम्हांस आजहि आठवतें. पंप बसवून आल्यावर गाडी पूर्वींच्याच ठिकाणीं, पूर्वींसारखीच अडली.

येथें एंजिनाची थोडी माहिती सांगणें अवश्य आहे, कारण ती आम्हांसहि तेव्हां नव्हती, व असती तर पुढचें पाप टळलें असतें. डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरांतील हवा आपल्या मूळ आकाराच्या सुमारें वीसाव्या हिश्श्याइतक्या जागेंत दाबली जाते. त्या दाबण्यानेंच ती इतकी तापते कीं तींत डिझेलाचा बारीक फवारा शिरतांच तो पेट घेतो. म्हणून असें एंजिन चालतां चालतां बंद पडूं लागलें, तर त्यास डिझेल मिळेनासें झालें आहे किंवा हवा मिळेनाशी झाली आहे, हें आधीं पाहावें. डिझेलाची वाटहि लांब असते: टाकी, तिच्यांतली जाळी, रबरी नळ्या, पाणी सांचण्याची वाटी, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, व शेवटीं नोझल. या वाटेंत कोठेंहि अडचण झाली तरी बाहेरून दिसणारी खूण एकच, गाडी उभी. जुन्या गाडीच्या नळ्या कडक होऊन त्यांस बारीक चिरा पडतात. टाकीकडून फीड पंपाकडे येणाऱ्या नळींत ओढ असते, म्हणून अशा चिरेंतून चालत्या गाडींत डिझेल बाहेर गळत नाहीं. बाहेरची हवा आंत जाते. खालीं ओल नाहीं, डाग नाहीं, आणि तरी गळती आहे! गाडीवाले यास “एअर पकडली” असें म्हणतात. अशी हवा शिरली म्हणजे हातपंप मारून, बोल्ट सैल करून, फेस येणें थांबेपर्यंत ती काढावी लागते, व प्रत्येक वेळीं वाटीभर डिझेल जमिनीवर सांडतें.

आमचा चालक भाऊ रस्त्याच्या कडेला हेंच करीत असे. त्यासाठीं तो एक डबा व हातभर नळी गाडींत बाळगूं लागला. डिझेल उरलें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो टाकीचें झाकण उघडून आंत काडी घाली. एके दिवशीं सायंकाळीं आमच्या पंचांपैकीं एक गृहस्थ मोटरसायकलीवरून येत असतां त्यांनीं काय पाहिलें? गाडी आडबाजूस उभी, टाकीचें झाकण उघडें, शेजारीं डबा व नळी, आणि आपला चालक ओणवा झालेला. ते थांबले नाहींत. त्यांनीं कांहीं विचारलेंहि नाहीं. ते सरळ आमच्या घरीं आले.

आम्हीं हिशेबाची वही काढली. डिझेलाचा खर्च वाढलेला होता. आतां वाढणारच, हवा काढतांना सांडत होतें तें कोणीं मोजलें होतें? परंतु त्या रात्रीं आमच्या मनांत सर्व गोष्टी एकमेकींस जुळल्या. गाडी मुद्दाम थांबविली जाते, डिझेल काढून विकलें जातें, व दोषाचें नुसतें निमित्त केलें जातें, असें आम्हीं ठरविलें. शब्द जपून लिहितों: “आम्हांस वाटलें” असें नव्हे, आम्हीं ठरविलें.

दुसऱ्या दिवशीं त्यास बोलावलें. तो म्हणाला, “पाळकसाहेब, मला कारण कळत नाहीं, पण झाकण उघडलें कीं गाडी लगेच धरते. तसेंच ठेवलें तर अर्धा तास लागतो.” यावर एक पंच हंसून म्हणाले, “म्हणूनच तूं झाकण सारखें उघडतोस काय?” सगळे हंसले. आम्हीहि हंसलों. प्रिय वाचकहो, त्या एका वाक्यांत सर्व रोगाचें निदान होतें. पंपाच्या खर्चापेक्षां तें वाक्य मोलाचें होतें, आणि तें आम्हांस फुकट मिळालें असतां आम्हीं तें हंसण्यावारीं घालविलें.

त्यानंतरच्या आठवड्यांत एका बहिणीस रात्रीं प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या. त्याच दिवशीं टाकी भरली होती. इमामपूरच्या घाटांत गाडी आचके देऊन बंद पडली. ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों कीं, अशा गाडीचा ब्रेक हलका लागतो तो एंजिन चालत असतें म्हणून. एंजिन थांबल्यावर एक-दोन वेळां पुरेल इतकाच जोर शिल्लक राहतो. मग पायाखालचा ब्रेक दगडासारखा कडक होतो, आणि स्टिअरिंग जोराचें असेल तर तेंहि जड होतें. त्या भावानें पहिल्याच दाबांत गाडी कडेस घेतली, हातब्रेक ओढला, चाकांमागें दगड लावले, मागें वीस पावलांवर झाडाच्या फांद्या टाकल्या, आणि 108 क्रमांकास फोन केला. रुग्णवाहिका आली, बहिणीस घेऊन गेली, व पहांटे मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत, प्रभूची स्तुति असो. परंतु मंडळींत जो क्षोभ झाला त्यांत या भावाच्या सावधपणाविषयीं कोणी चकार शब्द काढला नाहीं. पंचांनीं त्यास कामावरून दूर केलें.

आणि त्या रविवारीं आम्हीं उपदेशासाठीं यहोशवाचा सातवा अध्याय घेतला. आय नगरापुढें इस्राएल लोकांनीं मार खाल्ला, कारण आखानानें चोरलेला माल तंबूंत पुरून ठेवला होता. आम्हीं नांव घेतलें नाहीं. नांव घेण्याची गरजच नव्हती. सर्व मंडळी कोणत्या बाकाकडे पाहत होती तें आम्हांस व्यासपीठावरून दिसत होतें. तो शेवटची प्रार्थना होईपर्यंत मान खालीं घालून बसला, व पुढें तीन रविवार उपासनेस आला नाहीं. त्याची आई येई, पण प्रभुभोजन घेतल्यावांचून परत जाई.

नवा चालक ठेवला. दुसऱ्याच फेरीस, टाकी भरून निघालेली गाडी पंचवीस किलोमीटरांवर बंद पडली.

तेव्हां आम्हांस भीति वाटली, आणि ती गाडीविषयींची नव्हती. आम्ही घोडेगांवाकडे एका वृद्ध मिस्त्र्याकडे गेलों. हा मनुष्य पांच वेळां नमाज पढणारा, डोळ्यांस कमी दिसणारा, व फार थोडे बोलणारा आहे. आम्हीं त्यास सर्व बदललेल्या वस्तूंची यादी वाचून दाखविली. त्यानें बॉनेटास हातहि लावला नाहीं. तो म्हणाला, “साहेब, काय काय बदललें तें राहूं द्या. ती मरते कशी तें सांगा. एकदम मरते, का तडफडून मरते?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, कारण गाडी आम्ही चालवीत नव्हतों. त्यानें समजावून सांगितलें. किल्ली फिरवल्यासारखें एंजिन एका क्षणांत मरत असेल तर आधीं तारा पाहाव्या. पुष्कळ पंपांवर विजेच्या जोरावर उघडा राहणारा एक वॉल्व्ह असतो, व त्याची तार सैल झाली तर डिझेल तत्काळ तुटतें. काळा धूर टाकून गुदमरत असेल तर हवेचा फिल्टर पाहावा. फक्त स्लोवर मरत असेल तर स्लोचा स्क्रू व पुन्हा हवेची गळती. आचके देऊन, जोर जाऊन, तहानेनें मरावी तशी मरत असेल तर डिझेलाची वाट अडली आहे. मग त्यानें विचारलें, थंड असतां मरते कीं तापल्यावर? चढावर कीं सपाटीवर? किती अंतरावर? आणि शेवटीं, “टाकी भरलेली असतां मरते, का रिकामी असतां?”

हा प्रश्न आम्हांस वेड्यासारखा वाटला. टाकी रिकामी असतां गाडी बंद पडेल हें पोरहि जाणतें. भरलेली असतां कां पडावी? “याचें उत्तर देणारा कोण आहे?” मिस्त्र्यानें विचारलें. आम्हीं खालीं पाहून सांगितलें कीं, त्यास आम्हीं काढून टाकलें आहे. तो म्हणाला, “मग आधीं त्याला आणा. गाडी बोलत नाहीं. तिच्या वतीनें तोच बोलतो.”

आम्ही त्या भावाच्या घरीं गेलों. तो कांदा निवडीत होता. त्याच्या आईनें आम्हांस पाणी दिलें, पण बसा म्हटलें नाहीं. तो मात्र कांहीं न बोलतां सदरा घालून बरोबर निघाला. मिस्त्र्यानें विचारलेल्या प्रत्येक प्रश्नास त्याच्यापाशीं उत्तर होतें. तडफडून मरते. सपाटीवरहि मरते. वीस ते पंचवीस किलोमीटरांवर. आणि टाकी भरली असतां लवकर, अर्धी असतां उशिरा किंवा मुळींच नाहीं. हें सर्व त्यानें मनांत टिपून ठेवलें होतें. विचारणाराच कोणी भेटला नव्हता.

मग मिस्त्र्यानें जी परीक्षा केली ती प्रत्येक गाडीवाल्यानें शिकून घ्यावी अशी आहे. त्यानें डिझेलाचा एक स्वच्छ डबा टपाजवळ घट्ट बांधला, टाकीची नळी फीड पंपापासून सोडली, व त्या ठिकाणीं डब्यांतून येणारी नळी जोडली. नोझलांकडून परत येणाऱ्या डिझेलाची नळीहि त्याच डब्यांत सोडली. तोंडानें ओढून त्यानें नळी भरली नाहीं, हें ध्यानांत ठेवा. डिझेल चुकून फुप्फुसांत गेलें तर मनुष्य जिवानिशीं जाऊं शकतो. हवा काढून गाडी सुरू केली व चाळीस किलोमीटर पळविली. ती एकदांहि अडखळली नाहीं. मिस्त्री म्हणाला, “पंप, फिल्टर, नोझल, एंजिन, सगळें निर्दोष. चोर टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेंत आहे.” त्या एका परीक्षेनें अर्धी गाडी संशयांतून सुटली. आम्हीं ज्यांवर सणाचीं दानें खर्च केलीं तीं सर्व त्या सुटलेल्या अर्ध्या भागांत होतीं!

पुन्हा टाकीची नळी जोडली, टाकी गळ्यापर्यंत भरली, व निघालों. बावीस किलोमीटरांवर आचके सुरू झाले. गाडी थांबली. मिस्त्र्यानें सर्वांस गप्प राहण्यास सांगून, कान लावून, झाकण हळूच फिरविलें. सापानें फूत्कार टाकावा तसा आवाज झाला, आणि हवा आंत शिरली. गाडी तत्काळ सुरू झाली. झाकण सैल ठेवून आणखी तीस किलोमीटर गेलों. कांहीं झालें नाहीं.

याचें कारण असें. टाकींतून जितकें डिझेल बाहेर जातें तितकी हवा आंत आली पाहिजे. त्यासाठीं या गाडीच्या झाकणांत बारीक छिद्र असतें. तें बुजलें तर टाकींत ओढ निर्माण होते, व कांहीं वेळानें फीड पंपास डिझेल खेंचतां येत नाहीं. आतां भरल्या टाकीचें कोडें पाहा. टाकी गळ्यापर्यंत भरली असतां वर जागा दोनच लिटरांची असेल, व त्यांतून दोन लिटर डिझेल खर्च झालें, तर तीच हवा दुप्पट जागेंत पसरते व तिचा जोर निम्म्यावर येतो. टाकी अर्धी असेल तर वर पंचवीस लिटर हवा असते. त्यांतून दोन लिटर गेलें तरी फरक थोडाच पडतो. म्हणून गाडी पोटभर पाजल्यावरच उपाशी मरे. आणि अर्धा तास थांबल्यावर चाले ती थंड झाल्यामुळें नव्हे, तर तेवढ्या वेळांत झाकणाच्या कडेनें थोडी थोडी हवा आंत झिरपे म्हणून. दोन निरनिराळ्या रोगांची खूण एकच असूं शकते, हें आम्हीं किती वेळां रुग्णांच्या बाबतींत ऐकलें असेल!

मिस्त्र्यानें झाकण उलटें केलें. आंत सायकलीच्या ट्यूबचा गोल कापलेला तुकडा बसविलेला होता, व त्यानें छिद्र पुरतें झांकून टाकलें होतें. “हें कोणीं घातलें?” त्यानें विचारलें.

बंधुभगिनींनो, तें आम्हीं घातलें होतें. पावसाचें पाणी टाकींत जातें म्हणून चालक भावानें नवें झाकण मागितलें असतां, एवढ्या तेवढ्यास पैसे कशाला, असें म्हणून आम्हीं स्वतःच्या हातानें तो तुकडा कापला व बसविला. तो त्या दिवशीं गांवीं नव्हता. ती कात्री आमच्या मेजावर असते. कडेस तिचा नेहमींचा खांचा उमटलेला होता. पाणी थांबलें, आम्हांस आपल्या काटकसरीचें कौतुक वाटलें, व मग दोन महिने टाकी कधीं भरलीच नाहीं म्हणून दोषहि दिसला नाहीं. तोंवर आम्ही तो तुकडा विसरून गेलों होतों. आखानाचा माल तंबूंत पुरलेला होता खरा. तंबू मात्र आमचा निघाला.

त्या रात्रीं आम्हीं तो अध्याय पुन्हा वाचला, व इतक्या वर्षांत न दिसलेल्या दोन गोष्टी दिसल्या. यहोशवा पराभवानंतर भूमीवर पालथा पडून संध्याकाळपर्यंत शोक करीत राहिला, तेव्हां परमेश्वरानें त्यास उठण्यास सांगितलें. आम्हीहि गाडीसाठीं पुष्कळ प्रार्थना केल्या होत्या, परंतु उठून झाकण पाहिलें नव्हतें. प्रार्थना हें शोध चुकविण्याचें साधन नव्हे. दुसरी गोष्ट शोधाच्या रीतीची. प्रथम सर्व वंश पुढें आले व त्यांतून यहूदाचा वंश निघाला; मग त्या वंशांतील कुळें, मग कुळांतील घराणीं, मग एकेक पुरुष. या क्रमांत यहोशवा स्वतःहि होता, त्याचा वंश एफ्राइम वगळलेला नव्हता. शोध पुरा होईपर्यंत आखानाचें नांव कोणीं उच्चारलें नाहीं. मिस्त्र्यानें डबा बांधून हेंच केलें: आधीं अर्धी गाडी बाजूस काढली, मग उरलेल्याचा भाग केला, एका वेळेस एकच वस्तु हलविली. आम्हीं मात्र नांवापासून आरंभ केला व पुरावा मागून गोळा केला. आणि ज्यांची चौकशी करावयाची त्यांत स्वतःस धरलेंच नाहीं.

अध्यायाचा शेवट फार कठोर आहे. त्यावर बोलण्याचें धैर्य आज आम्हांस नाहीं, कारण त्या नियमानें पाहिलें तर खोरें कोणासाठीं होतें तें उघड आहे.

पुढच्या रविवारीं आम्हीं तो रबराचा तुकडा हातांत घेऊन व्यासपीठावर उभे राहिलों, व घडलें तें सर्व सांगितलें. ज्या पंचांनीं त्यास रस्त्यावर पाहिलें होतें तेहि उठून पुढें आले. तसें करण्यास त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. चालक भावाची आम्हीं नांव घेऊन क्षमा मागितली, कारण दोषी ठरवितांना नांव न घेतां घायाळ केलें होतें, तर मोकळें करतांना तरी तें घ्यावें. त्याच्या तीन आठवड्यांच्या पगाराचा भार आम्हीं आपल्यावर घेतला. सणाचीं दानें परत आणण्याचें सामर्थ्य आमच्यांत नाहीं. त्या विधवा बहिणीस एवढें सांगितलें तेव्हां ती म्हणाली कीं, कोंबडी तिनें देवास दिली होती, पंपास नव्हे. त्यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

तो भाऊ कामावर लगेच आला नाहीं. आठ दिवसांनीं आला, व त्यानें एकच अट घातली: गाडी अडली तर प्रथम त्यास विचारावें. पंचांनीं ती वहींत लिहून सह्या केल्या.

ज्या मंडळ्यांपाशीं अशा जुन्या गाड्या आहेत त्यांस आमची विनंती आहे कीं, गाडी अडूं लागली तर पैसा काढण्यापूर्वीं एका वहींत लिहून ठेवावें: केव्हां अडली, किती अंतरावर, कशी, टाकी किती भरलेली, आणि पुन्हा कशानें सुरू झाली. वाटींतलें पाणी सोडून पाहावें. नळ्यांच्या क्लिपा आवळाव्या. टाकीचें झाकण उघडतांना कान द्यावा. नव्या गाड्यांस यंत्र लावून दोष वाचतां येतो हें खरें, परंतु तें यंत्रहि दाब कोठें कमी पडला एवढेंच सांगतें; तो कां कमी पडला हें मनुष्यानेंच वाकून पाहावें लागतें. आणि कोणत्याहि गाडीस दुसऱ्या गाडीचें झाकण लावूं नये. कांहींत हवेची वाट झाकणांत असते, कांहींत वेगळ्या नळीनें असते.

आमच्या गाडीस आतां नवें झाकण बसविलें आहे, त्यांत रबराची योग्य चकती आहे व छिद्रहि आहे. रस्त्याची धूळ त्यांत बसते, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं तें बारीक तारेनें मोकळें करावें लागतें. तें काम त्या भावानें आमच्याकडे सोपविलें आहे, व आम्हीं केलें कीं नाहीं हें तो सोमवारीं निघण्यापूर्वीं तपासून पाहतो.